दोन फोटो आणि मधली माणसे

शहरातल्या एखाद्या रस्त्याचा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा फोटो घ्यायचा, त्याच जागी उभे राहून आजचा फोटो काढायचा आणि दोन्ही शेजारी शेजारी छापायचे, ही आता रुळलेली रीत झाली आहे. एकावर ‘तेव्हा’, दुसऱ्यावर ‘आता’. रविवारच्या पुरवण्या, कॅलेंडरे, जाडजूड चकचकीत ग्रंथ आणि हातातला मोबाईल, सगळीकडे हे जोडफोटो दिसतात. मुंबईच्या वाट्याला तर ते फारच येतात. बोरीबंदर, क्रॉफर्ड मार्केट, काळा घोडा, गिरगाव चौपाटी. बघणारा आधी जुन्या फोटोवर रेंगाळतो, मग नव्याकडे बघून सुस्कारा टाकतो. काय मुंबई होती आणि काय होऊन बसली!

हा सुस्कारा खोटा असतो असे आमचे म्हणणे नाही. पण तो कोणासाठी टाकला जातो, हे विचारायला हवे. दगडासाठी, कमानीसाठी, मोकळ्या आभाळासाठी, की त्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसांसाठी? दोन फोटोंची तुलना आम्हाला निव्वळ हौस वाटत नाही. तिच्यात कोणी काय गमावले आणि कोणी काय मिळवले याचा हिशेब असतो. तो हिशेब इमारतींचा मांडला जातो, माणसांचा राहून जातो.

सुरुवात त्या मोकळ्या रस्त्यापासूनच करू. १८३८ साली पॅरिसमध्ये दागेर याने आपल्या खिडकीतून एका हमरस्त्याचा फोटो घेतला. रस्ता वाहता होता. घोडागाड्या होत्या, माणसे होती. पण फोटोत तो निर्मनुष्य दिसतो. त्या काळी पत्र्यावर प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत आणि तेवढ्यात जो हलला तो उमटलाच नाही. उमटला तो एकजण, बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी थांबलेला. त्याच्या पायाशी वाकलेला पॉलिशवाला पुसट का होईना, पण आहे. बाकीचे सगळे पॅरिस चालत होते म्हणून गायब झाले.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तोवर काचेच्या ओल्या प्लेटा आल्या होत्या, मिनिटांची सेकंदे झाली होती. तरीही लगबगीने चालणारा माणूस त्या काचेवर धुरासारखा पुसला जाई. जुन्या मुंबईच्या फोटोंतले ते रुंद, शांत, स्वच्छ रस्ते पाहून आपण म्हणतो, तेव्हा गर्दी नव्हती. पण १८६४ सालच्या शिरगणतीत या बेटाची लोकसंख्या ८ लाख १६ हजारांवर होती, आणि त्यातली बहुतेक वस्ती आजच्या दक्षिण आणि मध्य मुंबईत दाटलेली. गर्दी होती. कॅमेऱ्याला ती दिसली नाही, एवढेच. शिवाय गायब झाले कोण, तेही पाहा. पाठीवर मशक घेऊन धावणारा भिश्ती, डोक्यावर गाठोडे घेतलेला हमाल, गोदीकडे निघालेला खलाशी. ज्यांना थांबायची सवड नव्हती ते सगळे. दारात खुर्ची टाकून बसलेला मात्र स्पष्ट उमटला.

जिथे माणसे उमटली तिथेही सगळे सरळ नाही. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतल्या जातीजमातींची छायाचित्रे काढून १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत प्रसिद्ध केली. आज ती मोठ्या कौतुकाने छापली जातात. त्यातल्या कित्येक चित्रांत माणसे स्टुडिओत उभी केलेली आहेत आणि मागचा रस्ता किंवा इमारत दुसऱ्याच फोटोतून आणून जोडलेली आहे. म्हणजे हा माणूस त्या रस्त्यावर कधी उभा होता की नाही, हेही फोटोवरून सांगता येत नाही. खाली नाव आहे ते जमातीचे. माणसाचे नाही. ज्याला जमातीचा नमुना म्हणून उभे केले, त्याचे नाव विचारायची गरजच कोणाला वाटली नसावी. आणि हे जुन्या काळापुरते आहे असेही नाही. मोहल्ल्यावरच्या आजच्या सचित्र लेखांतही टोपी, दाढी, बुरखा आणि रमजानमधली खाऊगल्ली सोडून आणखी काय असते?

आता त्या जुन्या रस्त्याकडे वळू. आपण ज्याला ‘मूळचा’ म्हणतो, तो रस्ता कधीतरी नवा होता आणि कोणाच्या तरी घरावर बांधलेला होता, हे फोटो सांगत नाही. १८६०च्या दशकात फोर्टची तटबंदी पाडली आणि त्या मोकळ्या जागेवर आपल्या आवडत्या ‘जुन्या मुंबई’च्या दिमाखदार इमारती उभ्या राहिल्या. १८९६ साली मांडवीत प्लेग फुटला. पालिकेची माणसे घराघरांत शिरली. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर खुणा रंगवल्या गेल्या. रोग्यांना उचलून नेऊ लागले. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात जुलाहांच्या वस्तीतून एका आजारी मुलीला न्यायचा प्रयत्न झाला तेव्हा लोक चिडले, दगडफेक झाली, गोळीबार झाला, दंगल पेटली. त्याला सरकारी भाषेत अडाणी लोकांचा आडमुठेपणा म्हटले गेले. घरातल्या बायकांपर्यंत परका पुरुष शिपायासह येतो, ही गोष्ट त्या घरांना काय वाटली असेल, ते कागदावर फारसे आले नाही.

त्याच १८९८ साली मुंबई शहर सुधार ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढायचे, म्हणजे समुद्रावरचा वारा आत येईल आणि रोगराई हटेल, अशी कल्पना होती. ट्रस्टची पहिली योजना नागपाड्याची. पुढे प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड निघाले. सिडनहॅम रोड निघाला, तोच आजचा महंमद अली रोड. ट्रस्टने घरे पाडली झपाट्याने, बांधली सावकाश. ज्यांची घरे गेली ते शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहू लागले, आणि ज्या दाटीचा इलाज म्हणून रस्ता काढला ती दाटी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेली. आता या रस्त्यांचे पहिल्या दोन-तीन दशकांतले फोटो पाहा. दुतर्फा एका रेषेत उभ्या तीन-चार मजली इमारती, लाकडी कठडे, मध्ये ट्राम. आज आपण त्यांच्यापुढे सुस्कारा टाकतो. तेव्हा ज्याचे घर या रस्त्याखाली गेले त्याला तो फोटो दाखवला असता, तर त्याने कोणता सुस्कारा टाकला असता?

हे मुंबईतच घडले असे नाही. ग्लासगो शहरात अशाच सुधार ट्रस्टसाठी टॉमस ॲनन याने १८६८ पासून गरिबांच्या बोळांचे फोटो काढले. ते बोळ पुढे पाडले गेले. दिल्लीत फेलिचे बिआतो याने १८५८ साली जामा मशिदीच्या मिनारावरून भोवतालच्या शहराचे फोटो घेतले. नंतर लाल किल्ला आणि मशीद यांच्यामधली वस्ती इंग्रजांनी सूड म्हणून आणि तोफांना मोकळे मैदान हवे म्हणून सपाट केली. मशीद स्वतः जप्त होती, ती १८६२ साली मुसलमानांना परत मिळाली. मिर्झा गालिब तेव्हा दिल्लीतच होते. उजाड झालेल्या दिल्लीचे दुःख त्यांच्या पत्रांत जागोजागी आहे. आम्हाला विचाराल तर बिआतोच्या फोटोंच्या शेजारी आजच्या दिल्लीचे फोटो ठेवण्यापेक्षा गालिबची पत्रे ठेवावीत. त्यांत गल्लीचे नाव येते तेव्हा तिथे राहणाऱ्या दोस्ताचेही नाव येते.

पण एक गोष्ट नाकारता येत नाही. ॲननने ते फोटो काढले नसते तर त्या बोळांची आज खूणही उरली नसती. पाडण्याचा कागद तयार करताना काढलेला फोटो हाच पाडलेल्यांचा एकमेव पुरावा होऊन बसतो. म्हणून फोटो नकोत असे कोणी म्हणू नये. ते वाचायचे कसे, एवढाच प्रश्न आहे.

महंमद अली रोडचाच आजचा फोटो घ्या. त्यात सर्वांत आधी दिसतो तो उड्डाणपूल. जे. जे. पूल म्हणून सगळे ओळखतात तो हा पूल २००२ साली सुरू झाला. त्याला कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांचे नाव आहे, हे मात्र त्यावरून रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. चौदाव्या-पंधराव्या शतकातला एवढा मोठा आलिम, माहीमचा पीर, आणि त्याचे नाव वाहतुकीच्या बातम्यांत ‘जे. जे.’ या दोन अक्षरांखाली गडप. ‘तेव्हा’ आणि ‘आता’च्या जोडीत या पुलाला विद्रूप म्हणायची पद्धत आहे. कोणी त्याला प्रगती म्हणते. पुलाच्या बाजूला दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर ज्यांच्या खिडक्या आहेत त्यांना विचारले तर उत्तर तिसरेच येईल. गाडीतला माणूस हात लांब करील तर कठडा सापडेल, इतके ते जवळ आहे. ज्या गॅलरीत बायका संध्याकाळी उभ्या राहत, पोरे पतंग उडवत, तिथे आता पडदे आणि पत्रे. मदनपुऱ्यातल्या घरांत शिपाई शिरला होता. इथे कोणी शिरत नाही, फक्त हजारो डोळे दिवसभर घराला घासून जातात. पूल झाल्याने शहराच्या उत्तरेकडून फोर्टला जाणाऱ्याची पुष्कळ मिनिटे वाचली हे खरेच आहे. त्या मिनिटांची किंमत कोणी दिली, हे मात्र पुलावरून काढलेल्या फोटोत दिसत नाही आणि खालून काढलेल्या फोटोतही दिसत नाही. ते दिसायला घरात जावे लागेल, आणि घरात कॅमेरा नेण्याचा हक्क आपल्याला नाही.

जिथे सगळे बदलले तिथले हे झाले. त्याहून अवघड गोष्ट आहे ती काहीच बदलले नाही अशा फोटोंची. मध्य मुंबईतल्या किंवा उपनगरातल्या एखाद्या जुन्या चाळीचा १९९० सालचा फोटो आणि १९९५ सालचा फोटो शेजारी ठेवा. तीच चाळ, तोच जिना, तोच नळ, कठड्यावर तेच वाळत घातलेले कपडे. फरक शोधायला भिंग लागेल. पण मध्ये डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ येऊन गेले आहेत. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मृतांचा आकडा ९०० आहे, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. मेलेल्यांची निदान गणना झाली. जे जिवंत राहिले पण त्या चाळीत परतले नाहीत, मिळेल त्या किमतीला खोली विकून मुंब्र्याला गेले, त्यांची गणना दाराच्या पाट्यांवर झाली. मुसलमान वस्तीतून निघून गेलेली हिंदू कुटुंबेही होतीच. पाट्या फोटोत वाचता येत नाहीत. दगड, लाकूड, कौले सारी शाबूत. जोडफोटोंच्या हिशेबात ही चाळ ‘जतन झालेली वास्तू’ ठरेल.

इथेच आमच्या मते या सगळ्या तुलनेचा दोष उघडा पडतो. इमारत पडली की फोटो ओरडून सांगतो. शेजार पडला तर तो गप्प बसतो. ईदच्या दिवशी ज्या घरी शीरखुर्म्याचा डबा जायचा आणि दिवाळीला ज्या घरून फराळाचे ताट यायचे, ती दोन घरे एका भिंतीला होती. भिंत आहे. आपण मात्र भिंत पाहून समाधान मानतो, कारण भिंतीचा फोटो निघतो.

मग जुने जपावे की पाडावे? हा प्रश्न आमच्या लोकांसाठी हौसेचा नाही. भेंडीबाजार, डोंगरी, नळबाजार, कामाठीपुरा इथल्या लाकडी गॅलऱ्यांवर परगावचे फोटोग्राफर भाळतात. त्या गॅलऱ्यांखाली टेकू लावलेले असतात, तेवढे फोटोच्या चौकटीबाहेर राहतात. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे गेली. इमारत शंभर वर्षांहून जुनी होती. म्हणजे तिचा जुना फोटो कोणी काढला असता तर तो संग्रही ठेवावा असाच झाला असता. मोडकळीची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. १९४७च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने पगडी मोजलेली असल्याने तो हलेना. १९६९ साली उपकर लावून दुरुस्तीची व्यवस्था झाली तेव्हा अशा १९ हजार ६०० हून अधिक इमारती यादीत होत्या. टेकूवर टेकू देत पन्नास-साठ वर्षे काढली गेली. या घरांत राहणाऱ्याला ‘हा आमचा वारसा आहे, याला हात लावू नका’ असे सांगायला तोंड हवे. पावसाळ्यात रात्री माती गळू लागली की पोरांना घेऊन जिन्यात कोणाला बसावे लागते? आपल्याला नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. भेंडीबाजारात दाऊदी बोहरा जमातीच्या ट्रस्टने २००९ पासून सुमारे साडेसोळा एकरांवर पुनर्विकासाचे काम हाती घेतले. सुमारे अडीचशे जुन्या इमारती, ३२०० कुटुंबे आणि १२५० दुकाने त्यात येतात. जुन्या भाडेकरूला तिथेच मालकीची जागा, हे त्यातले तत्त्व. ट्रस्टच्या जुन्या योजनांशी तुलना केली तर हा फरक मोठा आहे, आणि तो मोकळेपणाने मान्य करायला हवा. घर मिळते, संडास मिळतो, लिफ्ट मिळते. ओटा मिळत नाही. जिन्यातली बैठक, खाली हाक मारली की वरून टोपली सोडणे, इमारतीच्या बोळात पिढ्यान्‌पिढ्या बसणारा कल्हईवाला, पोटभाडेकरू, पथारीवाला, रात्री दुकानाच्या फळीवर झोपणारा कामगार, या सगळ्यांचा पात्रतेच्या यादीत रकाना नसतो. यादीत फक्त तोच येतो ज्याच्याकडे कागद आहे. दागेरच्या फोटोत फक्त तोच आला होता जो थांबला होता. यादीत न येणारा माणूस नव्या फोटोत नसेल, जुन्यातही कदाचित नव्हता, मग तो गेला याची नोंद कुठे होणार?

कागदाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्तीचा कायदा झाला तेव्हा मोहल्ल्यामोहल्ल्यांत लोकांनी पत्र्याच्या पेट्या उघडल्या. शाळेचा दाखला, रेशनकार्ड, भाड्याच्या पावत्या. त्या पेट्यांत फोटोही निघाले. आजोबांचा जहाजी पासावरचा फोटो. आजीचा हजच्या पासपोर्टवरचा, आयुष्यात काढलेला एकुलता एक. ‘फोटो काढणे गुनाह’ म्हणणाऱ्या त्या बाईने तो हजसाठी काढू दिला असणार. जहाजाने हजला जायची सोय १९९५ साली बंद झाली, तोवर दरवर्षी बंदरावर निरोपाची जत्रा भरे. तिथे काढलेल्या फोटोंत हार घातलेला हाजी मध्ये, भोवती रत्नागिरी, रायगडाहून आलेले अख्खे गणगोत आणि मागे धक्क्याचा एक तुकडा. कोणती गोदी, कोणते गोडाऊन, काही कळत नाही. शहर इथे मागचा पडदा आहे आणि माणूस पुढे आहे. या फोटोंनी कोणाचे नागरिकत्व सिद्ध होत नाही, असे लोकांना सांगण्यात आले. शहराचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही ते मागितले नाहीत. आमच्या मते मुंबईचे खरे ‘तेव्हा’ त्या पेट्यांत आहे.

काळ्या घोड्याचेच पाहा ना. राजपुत्राचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली चौकातून उचलून राणीच्या बागेत नेला. पुतळा गेला तरी लोक त्या चौकाला काळा घोडाच म्हणत राहिले. २०१७ साली तिथे पुन्हा घोडा बसवला, पण स्वाराविना. राजा गेला, घोडा राहिला, यात लोकांनी आपली निवड केलीच की. आणि ती कोणत्याही फोटोवरून केली नाही, बोलण्यातून केली.

तेव्हा आमची एक मागणी आहे, फार खर्चाची नाही. ज्या जमातींच्या आणि मशिदींच्या कमिट्या आज जुन्या इमारती पाडून नव्या बांधत आहेत, त्यांनी पाडण्याआधी दर्शनी भागाचा फोटो काढून घेतात तसा जिन्यावरच्या पाट्यांचाही काढावा. खोलीवार कोण राहत होते, कोण पोटभाडेकरू होते, ओट्यावर कोण बसायचे, कोण १९९३ नंतर परत आले नाही, ते एका वहीत लिहून घ्यावे. कोकणातल्या गावांच्या जमातींनी मुंबईत खोल्या ठेवल्या होत्या, नोकरी शोधायला आलेला पोरगा पहिल्यांदा तिथे उतरत असे. त्या खोल्यांच्या हजेरीच्या आणि वर्गणीच्या वह्या अजून कुठे कुठे असतील. बुजुर्ग आहेत तोवर त्यांना घरातले फोटो दाखवून मागे पेन्सिलीने नावे लिहून घ्यावीत. पेन्सिलीनेच, शाई पुढच्या बाजूला फुटते.